कार्बुरेटर : छोट्या विमानाच्या इतिहासातील एक प्रकरण



विमानाच्या इतिहासावर बोलायला उभा राहिलेला वक्ता आकाशाकडे बोट दाखवील, अशी आपली अपेक्षा असणार. मी मात्र आज आपल्याला विमानाच्या नाकाखाली वाकून पाहायला सांगणार आहे. जुन्या धाटणीच्या दोन आसनी विमानाचे झाकण उघडले, तर इंजिनाच्या तळाशी दोन मुठींत मावेल एवढे एक धातूचे यंत्र लटकलेले दिसते. त्याला कार्बुरेटर म्हणतात. आपल्यापैकी ज्यांनी जुनी स्कूटर किंवा मोटारसायकल बाळगली असेल त्यांना हे नाव चांगलेच ठाऊक आहे. पावसाळ्यात सकाळी गाडी सुरू झाली नाही की सर्वांत प्रथम ज्याच्या नावाने बोटे मोडली जातात तोच हा. माझ्याही स्कूटरचा कार्बुरेटर मी एकदा मोठ्या उत्साहाने उघडून साफ केला होता. सर्व काही परत जोडले, आणि वर्तमानपत्रावर एक वायसर शिल्लक राहिला. स्कूटर चालली, म्हणून मी तो वायसर खिळ्यांच्या डबीत टाकून दिला. रस्त्यावरच्या गाडीला हे चालते. ती बंद पडली तर आपण उतरून ढकलतो. दोन हजार फुटांवर उतरून ढकलण्याची सोय नाही. माझ्या आजच्या विषयातील सारे गांभीर्य या एका फरकात आहे.

प्रथम या यंत्राची गरज काय ते पाहू. पेट्रोल हे द्रवरूपात इंजिनाच्या काही उपयोगाचे नाही. त्याची वाफ व्हावी लागते, आणि ती वाफ हवेत योग्य प्रमाणात मिसळावी लागते. वजनाने पेट्रोलच्या एका भागाला हवेचे सुमारे पंधरा भाग, हे ते प्रमाण. म्हणजे एक लिटर पेट्रोल नीट जाळायला सुमारे नऊ हजार लिटर हवा लागते. पेट्रोल फार झाले तर इंजिन काळा धूर ओकते आणि गुदमरते. फार थोडे झाले तर खोकते, तापते आणि बंद पडते. हे प्रमाण इंजिन मंद चालो की भरधाव, प्रत्येक क्षणी सांभाळायचे. आणि ते कोणी सांभाळायचे? ज्यात ना वीज, ना चक्रे, ना कसला मेंदू, अशा एका ओतीव वाटीने.

सुरुवातीला ही वाटीही नव्हती. कार्ल बेन्झच्या १८८६ सालच्या मोटारगाडीत पेट्रोलच्या पृष्ठभागावरून नुसती हवा ओढून नेत, आणि जाताजाता ती जेवढी वाफ उचलील तेवढ्यावर गाडी चाले. राइट बंधूंचे काम याहूनही साधे होते. त्यांचे नाव आपण शाळेपासून ऐकतो. पण त्यांचे इंजिन ज्याने हातांनी घडवले त्या चार्ल्स टेलरचे नाव फारसे ऐकू येत नाही. हा डेटन गावच्या त्यांच्या सायकलच्या दुकानातील कारागीर. बाजारात हवे तसे हलके इंजिन मिळेना, तेव्हा टेलरने दुकानातील लेथ आणि ड्रिल एवढ्या सामग्रीवर सुमारे सहा आठवड्यांत ते तयार केले. त्याला आजच्या अर्थाने कार्बुरेटर नव्हता. वर एक लहानशी टाकी, तिच्यातून पेट्रोल आपल्याच वजनाने खाली यायचे, आणि इंजिनाच्या अंगच्या उष्णतेने तापलेल्या एका उथळ पेटीत पडून त्याची वाफ व्हायची. वेग कमीजास्त करण्याची सोय जवळजवळ नव्हतीच. ठिणगीची वेळ थोडी पुढेमागे करता येई, एवढेच. फेब्रुवारी १९०३ मधील चाचणीत याच ठिबकणाऱ्या पेट्रोलाने घात केला. ते बेअरिंगांवर गळले, बेअरिंगे जखडली आणि इंजिनाचा सांगाडाच फुटला. नवे ओतकाम यायला एप्रिल उजाडला. मानवाचे पहिले उड्डाण त्या वर्षाच्या १७ डिसेंबरला झाले हे सर्वांना माहीत आहे. ते लांबण्याच्या कारणांत काही थेंब पेट्रोलही होते, हे फारसे कोणी सांगत नाही. टेलर १९५६ साली वारला. त्याचे अखेरचे दिवस विपन्नावस्थेत गेले. आज अमेरिकेत विमान दुरुस्त करणाऱ्या कारागिरांना जो मोठा सन्मान दिला जातो तो त्याच्याच नावाचा आहे. तो त्याच्या हयातीत निघाला असता तर अधिक बरे झाले असते, असे माझ्यासारख्याला वाटते. असो.

खरा कार्बुरेटर मात्र राइट बंधूंच्या दहा वर्षे आधीच युरोपात जन्मला होता. १८९३ साली जर्मनीत विल्हेल्म मायबाख याने आणि त्याच सुमारास बुडापेस्टमध्ये डोनाट बांकी व यानोश चोंका या दोघांनी पेट्रोलचा फवारा उडवणारे यंत्र सिद्ध केले. हंगेरीत अशी आख्यायिका सांगतात, की फुले विकणारी एक मुलगी तोंडाने नळी फुंकून फुलांवर पाणी शिंपडत होती, तिला पाहून या दोघांना ही युक्ती सुचली. न्यूटनचे सफरचंद आणि ही फुलवाली यांच्या साक्षी किती ग्राह्य मानायच्या ते ज्याचे त्याने ठरवावे. पण तत्त्व समजायला ती गोष्ट उपयोगी आहे. आपल्या जुन्या घरांत डास मारायचा फ्लिटचा पंप असे. दट्ट्या ढकलला की एका बारीक नळीच्या तोंडावरून हवा जोराने जाते, तेथला दाब कमी होतो आणि डब्यातले औषध आपोआप वर चढून तुषार होऊन उडते. कार्बुरेटरमध्ये हेच घडते. हवा ज्या नळीतून जाते ती मध्ये कमरेसारखी निमुळती केलेली असते. अठराव्या शतकातील इटालियन शास्त्रज्ञ व्हेंचुरी याच्या नावावरून तिला व्हेंचुरी म्हणतात. त्या कमरेशी हवेचा वेग वाढतो, दाब घटतो, आणि तेथे आणून ठेवलेल्या तोटीतून पेट्रोल ओढले जाते. हवा जास्त आली तर ओढ जास्त, पेट्रोल जास्त. प्रमाण आपोआप सांभाळले जाते.

यात एक अट आहे. तोटीच्या तोंडाखाली पेट्रोलची पातळी कायम एकाच ठिकाणी असली पाहिजे. ती वर आली तर पेट्रोल नुसतेच वाहील, खाली गेली तर ओढीला येणार नाही. त्यासाठी शेजारच्या वाटीत एक पोकळ फ्लोट तरंगत ठेवतात. आपल्या गच्चीवरील पाण्याच्या टाकीत जसा गोळा तरंगतो आणि टाकी भरताच तोटी बंद करतो, तसाच हा फ्लोट एका सुईला वर दाबून पेट्रोलची वाट बंद करतो. गच्चीवरची टाकी आणि फ्लिटचा पंप एका ठिकाणी जोडले की कार्बुरेटर झाला. बाकीचा सारा तपशील.

हा तपशील सामान्य माणसाच्या विमानापर्यंत कसा पोहोचला, त्याची कथा मनोरंजक आहे. १९३० साली अमेरिकेतील पेन्सिल्व्हेनिया राज्यात, ब्रॅडफर्ड या गावी, सी. जी. टेलर नावाचा एक विमानरचनाकार स्वस्त विमान बांधू पाहत होता. (वर सांगितलेल्या टेलरचा आणि याचा नात्याने काही संबंध नाही.) त्याने प्रथम वीस अश्वशक्तीचे ‘टायगर किटन’ नावाचे इंजिन बसवले. मांजराच्या पिलाचे इंजिन, म्हणून विमानाचे नाव ‘कब’, म्हणजे बछडा. बछडा धावला, जेमतेम पाच फूट उंच झाला, आणि धावपट्टी संपली. कंपनीचे दिवाळे वाजले. तेव्हा तेलाच्या विहिरींच्या धंद्यातील विल्यम पायपर या गृहस्थाने तिची मालमत्ता अवघ्या ७६१ डॉलरांना विकत घेतली. पुढच्याच वर्षी कॉन्टिनेन्टल कंपनीने ३७ अश्वशक्तीचे एक लहान इंजिन बाजारात आणले, आणि बछडा खऱ्या अर्थाने उडू लागला. १९३७ साली ब्रॅडफर्डचा कारखाना आगीत जळाला, म्हणून पायपरने लॉक हेवन येथील रेशमाची एक बंद गिरणी घेतली आणि तेथे आपले बिऱ्हाड हलवले. तेथून जे पिवळे, कापडी अंगाचे, काळ्या पट्ट्याचे विमान बाहेर पडले त्याला जे-थ्री कब म्हणतात. १९४७ सालापर्यंत अशी सुमारे वीस हजार विमाने झाली. महायुद्धापूर्वी अमेरिकन सरकारने नागरिकांना वैमानिक बनवण्याची जी मोठी योजना काढली, तिच्यातील बहुसंख्य तरुणांनी पहिले धडे याच विमानावर गिरवले.

या विमानाचे सौंदर्य त्याच्या दारिद्र्यात आहे. वैमानिकासमोर बारा गॅलनची टाकी; तीत किती पेट्रोल आहे हे दाखवायला बुचावर उभी केलेली एक तार. बूच तरंगते, तार वरखाली होते. पेट्रोलचा पंप नाही. टाकी वर, इंजिन खाली, पेट्रोल वजनाने उतरते. इंजिन फिरवायला बॅटरी नाही. पंखा हाताने फिरवायचा. पुढे बसवलेल्या ६५ अश्वशक्तीच्या कॉन्टिनेन्टल इंजिनाखाली बहुधा स्ट्रॉमबर्ग या मेकचा कार्बुरेटर असे. मोटारीच्या बऱ्याच कार्बुरेटरांत पायाने दट्ट्या दाबताच पेट्रोलची एक पिचकारी मारणारा पंप असतो; यात तोही नाही. म्हणून थंड इंजिन सुरू करताना नवशिक्याने थ्रॉटल कितीही मागेपुढे हलवला तरी उपयोग शून्य. त्यासाठी वेगळा हातपंप. उंचीवर हवा विरळ होते, तेव्हा पेट्रोल कमी करण्यासाठी एक खटका ठेवलेला होता, पण कब उंच जातच नसे. कित्येक विमानांत तो तारेने बांधून कायमचा निकामी केलेला असे. हा खटका पेट्रोल पूर्ण बंद करू शकत नाही. त्यामुळे इंजिन थांबवायचे ते ठिणगी तोडून. मग सिलिंडरमध्ये पेट्रोलची वाफ शिल्लक राहते, आणि ठिणगीचे बटण सदोष असेल तर हाताने पंखा हलवणाऱ्याच्या अंगावर इंजिन एकाएकी चालू होऊ शकते. पंख्याला नेहमी भरलेली बंदूक समजून वागावे हा नियम जुन्या विमानतळांवर पहिल्या दिवशी शिकवत, तो उगाच नव्हे.

आता असा एखादा सत्तर-ऐंशी वर्षांचा कार्बुरेटर कारागिराच्या टेबलावर आला आहे असे समजा. त्याची संपूर्ण दुरुस्ती म्हणजे काय? हा भाग मी जरा सावकाश सांगणार आहे, कारण विमानाच्या इतिहासाची पुस्तके तो गाळतात.

पहिले काम, उघडण्यापूर्वी पाहण्याचे. बाहेरच्या अंगावर रंगीत डाग असतील तर पेट्रोल पाझरून सुकले आहे. उघडल्यावर आत पिवळट, चिकट थर दिसतो. वर्षानुवर्षे विमान उभे राहिले की पेट्रोल उडून जाते आणि त्याची राळ मागे राहते. वाटीच्या तळाशी पांढरी पूड असेल तर पाणी साचून ॲल्युमिनियमचे अंग खाल्ले गेले आहे. हे सगळे द्रावणात भिजवून, प्रत्येक वाट दाबाच्या हवेने फुंकून साफ करायचे. येथे आपल्या घरच्या सवयी आड येतात. स्टोचे भोक तुंबले की आपण पिन घालतो. कार्बुरेटरच्या जेटमध्ये पिन किंवा तार घालायची नाही. पितळ मऊ असते. भोकाचा व्यास शेकडा पाचने वाढला तर त्यातून जाणारे पेट्रोल शेकडा दहाने वाढते, आणि ही वाढ डोळ्यांना दिसत नाही. मी मघाशी ज्या योग्य प्रमाणाविषयी बोललो ते असे एका पिनेने कायमचे बिघडते. पुढच्या मालकाला कारण कळत नाही, तो दुसरेच काही बदलत बसतो.

दुसरे काम फ्लोटचे. तो पितळेचा, पोकळ. सूक्ष्म चीर असेल तर त्यात पेट्रोल शिरते, तो जड होऊन खाली बसतो आणि सुई वेळेवर बंद होत नाही. तपासण्याची युक्ती जुनी आणि नामी आहे: फ्लोट गरम पाण्यात बुडवायचा. आतली हवा फुगते आणि चिरेतून बुडबुडे निघतात. चीर डागाने बुजवता येते, पण डागाचेही वजन असते. फार डाग दिला तर बरा झालेला फ्लोट आजारी फ्लोटाइतकाच जड होतो.

तिसरे आणि सर्वांत नाजूक काम सुईचे. पूर्वी सुई पोलादाची आणि तिची बैठक पितळेची असे. इंजिनाच्या थरथरीने सुई बैठकीवर अखंड आपटत राहते आणि तिच्या टोकाभोवती एक वलय पडते. मग ती पेट्रोल पूर्ण अडवत नाही. विमान रात्रभर उभे, वर टाकी, मधला कॉक उघडा राहिलेला. सकाळी खाली पेट्रोलचे थारोळे. पुढे रबरी टोकाच्या आणि त्याही पुढे प्लॅस्टिकच्या सुया आल्या. त्या चांगल्या अडवतात, पण सुई बदलली की पातळी बदलू शकते, म्हणून ती पुन्हा मोजावी लागते. मोजमाप इंचाच्या बत्तिसाव्या भागात. तेही कोरड्या वाटीत नव्हे. विमानात टाकी जितक्या उंचीवर असते तितकाच दाब ठेवून, खरे पेट्रोल भरून मोजायचे, कारण वरून येणाऱ्या पेट्रोलचे वजनही सुईला ढकलत असते. पातळी चुकली तर ती सुधारायची कशाने? सुईच्या बैठकीखाली वायसर घालून किंवा काढून. माझ्या डबीतला तो वायसर मला आठवला, श्रोते हो, तो या ठिकाणी.

याखेरीज थ्रॉटलची दांडी झिजून तिच्या बाजूने चोरटी हवा शिरते, तेथे नवी बुशे बसवणे. सर्व गॅस्केटे नवी. प्रत्येक स्क्रू आणि बूच तारेने बांधणे. ही तार बांधण्याची कला पाहण्यासारखी असते. स्क्रू सैल व्हायला लागला तर तारेने तो उलट आवळला जावा अशा दिशेने ती पीळ घालून ओवायची. तार उलट्या बाजूने ओवली तर दिसायला तितकीच सुंदर दिसते, आणि काही कामाची नसते.

इतके सारे झाले, तरी या यंत्राचा सर्वांत मोठा दोष दुरुस्तीने जात नाही, कारण तो दोष नसून त्याचा स्वभाव आहे. उन्हाळ्यात आपण माठातले पाणी पितो. मातीतून पाझरलेले पाणी वाफ होऊन उडते, उडताना उष्णता घेऊन जाते, आणि आतले पाणी गार होते. कार्बुरेटरच्या कमरेशी पेट्रोल सतत वाफ होत असते, शिवाय तेथे हवेचा दाब पडतो, त्यानेही ती गारठते. दोन्ही मिळून तापमान पस्तीस अंशांपर्यंत खाली येऊ शकते. बाहेर वीस-पंचवीस अंशांची सुखद हवा, आणि या नळीत गोठणबिंदूच्या खाली. हवा दमट असेल तर तिच्यातल्या पाण्याचा बर्फ होतो आणि तो नळीच्या भिंतींवर, थ्रॉटलच्या पात्यावर थराथराने बसतो. वाट अरुंद होत जाते. अतिथंड, कोरड्या हवेत हा धोका कमी, आणि आपल्या कोकणासारख्या दमट, उबदार हवेत अधिक, हे ऐकून पुष्कळांना नवल वाटते. त्यातही कॉन्टिनेन्टल इंजिनाचा कार्बुरेटर इंजिनापासून अलग, थंड हवेत लटकलेला. काही दुसऱ्या इंजिनांत तो तेलाच्या गरम पात्राला चिकटलेला असतो, त्यांना हा त्रास कमी.

यावर उपाय ठेवलेला आहे. वैमानिकापुढे एक मूठ असते. ती ओढली की बाहेरच्या हवेऐवजी धुराच्या तापलेल्या नळीभोवतीची गरम हवा कार्बुरेटरात येते आणि बर्फ वितळतो. पण येथे माणसाच्या धैर्याची परीक्षा आहे. फेऱ्यांचा काटा हळूहळू उतरतो आहे, वैमानिक मूठ ओढतो, आणि इंजिन सुधारण्याऐवजी अधिकच बिघडते, खोकते, हादरते! कारण वितळलेले पाणी आता सिलिंडरांत जात असते. ज्याला हे ठाऊक नाही तो घाबरून मूठ परत ढकलतो, आणि उरलीसुरली आशा मालवतो. ज्याला ठाऊक आहे तो दात आवळून थांबतो. थोड्याच वेळात इंजिनाचा आवाज स्वच्छ होतो. आणखी एक कठोर गोष्ट अशी, की उशीर फार झाला आणि इंजिन थांबले, तर धुराची नळीही थंड होते, आणि औषधच संपते. म्हणून उतरताना थ्रॉटल बंद करण्याच्या आधी मूठ ओढावी असे शिकवतात.

या बर्फाने किती विमाने खाली आणली याचा हिशेब लागणे मुळातच कठीण आहे. चौकशी करणारे येईपर्यंत बर्फ वितळलेला असतो. चोर पुरावा घेऊनच पसार होतो. कार्बुरेटर उघडून पाहावा तर सुई ठीक, फ्लोट ठीक, जेट स्वच्छ. मग संशय उरतो तो शेवटी ज्याने दुरुस्ती केली त्याच्यावर. त्यासाठीच चांगला कारागीर केलेले प्रत्येक काम, घातलेला प्रत्येक भाग वहीत लिहून खाली सही करतो. अमेरिकेत १९२६ च्या कायद्याने वैमानिकांबरोबरच कारागिरांनाही परवाने लागू झाले, आणि या सहीला किंमत आली. वैमानिकाइतकेच जबाबदार असे हे दुसरे माणूस कायद्याला प्रथमच दिसले.

फ्लोटच्या वाटीची दुसरी मर्यादा युद्धात उघडी पडली. तो विषय लढाऊ विमानांचा आहे, म्हणून थोडक्यात सांगतो. १९४० साली ब्रिटिशांच्या स्पिटफायर आणि हरिकेन विमानांचे मर्लिन इंजिन, विमानाने एकाएकी नाक खाली घातले की क्षणभर गचके देई. जर्मन विमानांत पेट्रोल थेट सिलिंडरांत दाबाने सोडत, त्यांना ही अडचण नव्हती. ते सूर मारून निसटत. बसमध्ये खड्ड्यावर आपण जसे आसनावरून उचलले जातो, तसे वाटीतले पेट्रोल आणि फ्लोट दोन्ही वर उचलले जात. आधी इंजिनाला पेट्रोल मिळेना, आणि मागोमाग वाटी तुडुंब भरून इंजिन गुदमरे. फार्नबरोच्या शाही विमानसंशोधन संस्थेतील बीट्रिस शिलिंग या इंजिनिअर बाईंनी यावर जो उपाय काढला तो पाहण्यासारखा आहे: पेट्रोलच्या नळीत मधोमध भोक असलेली एक लहानशी धातूची चकती. भोक एवढेच, की इंजिनाला पूर्ण शक्तीसाठी लागेल तेवढे पेट्रोल जावे, त्याहून अधिक नाही. गुदमरणे थांबले. १९४१ च्या वसंतात बाई आपल्या लहान पथकासह तळातळावर जाऊन या चकत्या बसवीत होत्या. ब्रुकलँड्सच्या शर्यतीत ताशी शंभर मैलांहून अधिक वेगाने मोटारसायकल हाकणारी ही बाई. तिच्या चकतीला वैमानिकांनी जे थट्टेचे नाव दिले ते मी या सभेत सांगत नाही. पहिला क्षणिक गचका मात्र राहिलाच. त्याचा निकाल पुढे दाबाच्या नव्या कार्बुरेटरांनी लावला. वायसराएवढ्या वस्तूने युद्धातल्या विमानांना आधार दिला, ही गोष्ट आपण खरे तर इतिहासाच्या तासाला ऐकायला हवी होती.

आता थोडे घरचे. आपल्याकडे १९३२ च्या ऑक्टोबरात जे. आर. डी. टाटा कराचीहून टपाल घेऊन अहमदाबादमार्गे जुहूला उतरले, तेव्हा अहमदाबादला त्यांच्या पस मॉथ विमानासाठी पेट्रोलचे डबे बैलगाडीतून आले होते. डब्यातले पेट्रोल टाकीत ओतताना मऊ कमावलेल्या चामड्यातून गाळून घेण्याची त्या काळी सर्वत्र पद्धत होती, कारण ते चामडे पाणी अडवते. वाटीच्या तळाशी साचणाऱ्या त्या पांढऱ्या पुडीवर तोच पहिला उपाय होता.

पुढे बंगलोरच्या हिंदुस्थान कारखान्यात विमाने रचणारे डॉ. विष्णू माधव घाटगे हे आपल्याच मुलखातले. गॉटिंगेनला प्रांट्ल यांच्या हाताखाली ते हवेच्या प्रवाहाचे शास्त्र शिकले. त्यांचे एचटी-टू हे शिकाऊ विमान १९५१ साली उडाले आणि १९५८ साली ‘पुष्पक’. उंच पंखांचे, कापडी अंगाचे, दोघांनी शेजारी शेजारी बसायचे हे साधे विमान. इंजिन कॉन्टिनेन्टलचेच, ९० अश्वशक्तीचे. कबचे दूरचे भावंडच म्हणा ना! देशातल्या अनेक फ्लाइंग क्लबांत एका पिढीने पुष्पकवर हात बसवला. त्या क्लबांच्या हँगरांत कोपऱ्यात एक टेबल असे, त्यावर पत्र्याचा ट्रे, आणि ट्रेमध्ये उघडलेला कार्बुरेटर. परदेशी सुटा भाग मिळणे दुरापास्त, परकीय चलनाची टंचाई; तेव्हा जे आहे ते सांभाळण्याखेरीज गत्यंतर नव्हते. अशा काळी एखाद्या कारागिराला घासलेली सुई पुन्हा घालण्याचा मोह होणे स्वाभाविक होते. ती घालू नये असे सांगणे सोपे आहे. ती न घालता विमान महिनाभर उभे ठेवणे, आणि उडायला आतुर झालेल्या शिकाऊ मुलांची व चिडलेल्या सेक्रेटरींची तोंडे पाहणे, हे सोपे नाही. ज्यांनी ते केले त्यांची नावे कोठे लिहिलेली नाहीत. नावे वाचलेल्यांची असतात का?

आज हे प्रश्न नव्या रूपाने आले आहेत. मोटारींत फवारणीची नवी यंत्रे आली, कार्बुरेटर गेला, आणि त्याबरोबर गल्लीतला कार्बुरेटर जाणणारा मेस्त्रीही गेला. मोटारीच्या पेट्रोलमध्ये आता इथेनॉल मिसळतात; ते पाणी ओढून घेते आणि काही जुन्या रबरांना फुगवते, त्यामुळे जुन्या कार्बुरेटरला ते मानवत नाही. पण परदेशांत हजारो कब अजून उडतात, आणि त्यांचे मालक जुनी बरहुकूम पुस्तके जपून ठेवतात. लहान विमानांनी हा कार्बुरेटर सोडला नाही याला काटकसर हे एक कारण आहे, आणि दुसरे असे, की जे बिघडले ते डोळ्यांनी दिसते आणि हाताने नीट करता येते. नव्या यंत्रणेचा बर्फाचा धोका टळतो हे मी मान्य करतो. एखाद्या तरुण इंजिनिअराने माझ्याशी वाद घातला तर या मुद्द्यावर तो जिंकेल.

दुरुस्ती संपल्यावर काय करतात ते सांगून थांबतो. कार्बुरेटर परत बसवतात. कॉक उघडतात आणि लगेच इंजिन चालू करत नाहीत. कारागीर खाली बसतो, तळाला कोरडे बोट लावतो, आणि काही वेळ नुसता पाहत राहतो. बोट कोरडे राहिले तर मग चाकांना अडसर लावून एकजण पंखा फिरवतो. इंजिन तापू देतात. गरम हवेची मूठ ओढून फेऱ्या किंचित उतरतात की नाही ते पाहतात. उतरल्या नाहीत तर आतली झडप उघडलेलीच नाही, म्हणजे बर्फाच्या दिवशी मूठ खोटी ठरणार. मग पूर्ण थ्रॉटल, मग मंद. शेवटी इंजिन बंद करून पुन्हा एकदा खाली वाकून तेच बोट. त्यानंतर तो हात पुसतो आणि वहीत सही करतो.